वीस मोजेपर्यंत

एकोणीसशे शहाण्णव सालच्या घटस्थापनेला माझी नात माधवी कळसला घरी आली, तेव्हा एसटीच्या टपावरून तिच्या ट्रंकेपाठोपाठ सहा हात लांबीची एक पांढरी फळी उतरली. माधवी कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, समुद्राला लागून असलेल्या एका महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिथे कोणी परदेशी पाहुणा मायदेशी परतताना ही फळी मुलांना देऊन गेला. बाकीच्यांनी चार दिवस हौस केली आणि सोडून दिली; माधवीने सोडली नाही, म्हणून फळी तिच्याकडे राहिली. लाट उठू लागली की फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारीत तिच्यापुढे निघायचे, आणि लाटेने फळी उचलली की एका झेपेत दोन पायांवर उभे राहून किनाऱ्याकडे यायचे, असा तो खेळ. त्यात बक्षीस नव्हते की परीक्षा नव्हती. दोन वर्षे ती केवळ आवडीने तो खेळत होती, आणि तिच्या बापाला ते ठाऊक होते.

तिचा बाप, माझा मुलगा दादासाहेब, त्याच वर्षीच्या चैत्रात गेला. उसाला पाणी देता देता बांधावर टेकला तो उठला नाही. त्यानंतर मला काही वाटेनासे झाले. हे मी दुःख म्हणून सांगत नाही. घर चालत होते, गडीमाणसे वेळेवर कामाला लागत होती, माझा शब्द कोणी खाली पडू देत नव्हते. परंतु चहा गरम होता की गार, हे कप रिकामा झाल्यावरही मला सांगता आले नसते. माझी सून सारजा त्या दिवसापासून कामापुरते बोलत होती. ती बोलत नाही, याचेही मला काही वाटत नव्हते.

तिसऱ्या माळेच्या सकाळी माधवीने माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला.

"मोठीआई, सही पायजे."

"कशाची?"

"समुद्रात उतरायला पालकाची संमती. पावसाळ्यात दोन पोरं पोहायला गेली ती बुडाली. आता कागद दिल्याबिगर कुणाला उतरू देत न्हाईत."

"दोन पोरं बुडाली, आनि हे तू मला तोंडानं सांगतीस?"

"लपवून सही घेतली असती, तर तुमी मला परत दारात उभं केलं नसतं."

हे खरे होते. मी कागद वाचला. 'पालक' या शब्दापुढची जागा बापाची होती. तो नव्हता म्हणून ती माझ्याकडे आली होती.

"येतं का तुला ते?" मी विचारले.

"अर्धं येतं. लाट फुटल्यावर तिचा फेस किनाऱ्याकडं धावतो, त्याच्यावर उभी ऱ्हाते. न फुटलेल्या लाटेवर न्हाय जमत. उठायला उशीर हुतो, मग फळी पाण्यात नाक खुपसती आनि मी पुढं जाऊन पडते."

"म्हंजी दोन वर्सं पडतीयास."

"व्हय. पण आदी जास्त पडत हुते."

माझ्या घरात अर्धवट कामाला परवानगी मिळत नसे. मी तिला एक अट घातली. उजनीच्या पाण्यावर, माझ्यासमोर, मी वीस मोजेपर्यंत त्या फळीवर उभे राहून दाखवायचे. राहिली, तर मी सही करीन. न राहिली, तर बिरोबाचा भंडारा उचलून सांगायचे, की यापुढे समुद्रात पाय घालणार नाही.

भंडारा म्हणजे देवापुढची हळद. आमच्या घराण्याकडे मेंढरे होती तेव्हापासून, तो हातात घेऊन दिलेला शब्द कोणी मोडलेला नाही. माझ्या सासऱ्यांनी भंडारा उचलून तंबाखू सोडली; शेवटच्या दुखण्यात दातांच्या कळेवर वैद्याने चिमूटभर तंबाखू धरायला सांगितली, तरी त्यांनी ती तोंडाला लावली नाही. माधवीला हे ठाऊक होते. तिने थोडा वेळ फळीकडे पाहिले आणि "बरं" म्हणाली. एकदा शब्द दिला की ती तो पाळणार, आणि समुद्र तिला कायमचा बंद होणार, हे तिलाही कळत होते आणि मलाही.

धरणाच्या पाण्याला समुद्रासारखी लाट नसते. तेव्हा फळीला ओढ कशी मिळायची, हा प्रश्न होता. तो तात्याबाने सोडवला. तात्याबा भिगवणचा मासेमार. धरणाचे पाणी आले तेव्हा आमची खालची जमीन त्यात गेली, आणि तेव्हापासून तो आमच्याच बुडालेल्या शेतावर मासे धरतो असे तोंडावर म्हणण्याइतका जुना माणूस. मोठे जाळे टाकल्यावर त्याची चार माणसे दोरी खांद्यावर घेऊन काठाने वर चढतात आणि जाळे किनाऱ्याला आणतात. त्याच दोरीने फळी ओढायची, असे ठरले. दिवस ठरला दसऱ्यानंतरच्या एकादशीचा.

तोवर माधवी रोज पहाटे अंगणात सतरंजी टाकून पालथी पडे, तळवे बरगड्यांजवळ टेकी, आणि एका झेपेत उठून उभी राही. पन्नास वेळा. मी ओट्यावर बसून पाहत असे. पाहत असे एवढेच.

खंडेनवमी आली. घरात वर्षाच्या आतला मृत्यू असल्याने गोडधोड करायचे नव्हते, परंतु अवजारांची पूजा मी चुकू दिली नाही. नांगराचा फाळ, विळे, कोयते, पहार, पाण्याचे इंजिन, आणि मेंढरे गेली तरी जपून ठेवलेली लोकर कापायची कातर, सारे धुऊन, पुसून, तेल देऊन पडवीत मांडले जात होते. माधवी कागदावर लावायचा फोटो काढायला बारामतीला गेली होती. आमचा जुना गडी गेणबा फळीपाशी थांबला.

"बाईसाहेब, ही बी मांडायची का?"

"घरात हाय ते अवजार. मांड."

"वरनं लई मळ हाय. चिकाट. हात लावला की हातालाच येतोय."

"रॉकेलनं पूस. मग तेल दे."

माझ्या मनात तिच्याविषयी राग नव्हता, आणि अट अवघड करण्याचा हेतूही नव्हता. सणाला मळके अवजार देवापुढे ठेवायचे नाही, म्हणून मी ते सांगितले. गेणबाने तासभर घासून फळी स्वच्छ केली, जवसाचे तेल जिरवले, आणि हळदीकुंकवाची बोटे ओढून तिच्यावर झेंडूची माळ घातली. सगळ्या अवजारांत तीच उठून दिसत होती.

संध्याकाळी माधवी आली. तिने चपला काढल्या, पडवीत जाऊन अवजारांना नमस्कार केला, आणि फळीवरून एक बोट फिरवले. बोट सरकत थेट टोकापर्यंत गेले.

"मेण कुणी काढलं?"

गेणबाने माझ्याकडे पाहिले.

"मळ हुता," मी म्हणाले.

"मळ न्हवता, मोठीआई. मेण हुतं. पाय धरून ठिवायला मुद्दाम लावत्यात. त्याच्याबिगर ह्या फळीवर उभं न्हाय ऱ्हाता येत."

"मग सांगायचं हुतंस."

"इचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

आवाज खाली होता, पण उत्तर उत्तरच होते. मी म्हणाले, "सणाला अवजार साफच पायजे." ती "व्हय" म्हणाली. तिने दिवस पुढे ढकलायला सांगितले नाही. मीही आपण होऊन ढकलला नाही. ते विशिष्ट मेण तिकडे वसतिगृहात राहिले होते. तिने फळी राखेने घासली, मग देवघरातली मेणबत्ती आणून वरून फिरवून पाहिली. फळीला बसलेले तेल ते मेण धरू देईना.

एकादशीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फळी आडवी घालून आम्ही भिगवणच्या काठाला गेलो. सारजाही आली, तिला मी बोलावले नव्हते. गेणबाने माझी खुर्ची पाण्यापासून दहा पावलांवर, एका बाभळीपुढे मांडली. तात्याबाने फळी उलटी करून तिच्या शेपटाखालच्या पात्याला दोरी बांधली आणि पोटाखालून पुढे काढली.

"बाई, आमी मासं वढतो," तो म्हणाला, "इंजनेर वढायची ही पयलीच बारी."

"वढा मग."

"तोल गेला तर जाळ्यात घालून बाजारात नेऊ म्हनाव."

त्याची माणसे हसली. माधवीही हसली. ती पाण्यात उतरून दोरीच्या टोकाला दोनशे हात आत गेली, फळीवर पालथी पडली आणि तिने हात वर केला. चौघे दोरी खांद्यावर घेऊन काठाने धावत वर चढू लागले. फळी पाणी कापत निघाली. माधवी उठली, तिचा मागचा पाय तेलावरून सरकला, आणि मी 'एक' म्हणायच्या आत ती पाण्यात होती.

दुसऱ्यांदा मी तीनपर्यंत आले. तिसऱ्यांदा ती पडताना तिची हनुवटी फळीच्या कडेवर आपटली. ती वर आली तेव्हा गळ्यापर्यंत रक्त होते. ते रक्त माझ्या नातीचे आहे, एवढे मला कळले; त्यापुढे माझ्यात काही घडले नाही.

"बाई, बुळबुळीत हाय ही," तात्याबा म्हणाला. "हिच्यावर पाल बी टिकायची न्हाय."

"वढा," मी म्हणाले.

आणखी दोनदा ओढली. चाराच्या पुढे मोजण्याची वेळ आली नाही.

घरी आल्यावर मी देवापुढे पाट मांडायला सांगितला आणि भंडाऱ्याचे ताट काढले. माधवी अंघोळ करून आली. हनुवटीला हळद दाबून वर पट्टी बांधली होती. ती पाटावर बसली. तिने ताटाकडे हात पुढे केला.

"हात मागं घे," स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून आवाज आला.

सारजा उभी होती. सहा महिन्यांत तिच्या तोंडचे एवढे मोठ्याने बोललेले वाक्य मी ऐकले नव्हते.

"सारजे, मधी बोलू नगंस."

"बोलनार, आत्याबाई. मेण तुमी काढायला लावलं. बिरोबाला आदी ते सांगा. मग माझ्या पोरीला भंडारा उचलायला लावा."

सव्वीस वर्षांत सुनेने मला उलट शब्द दिला नव्हता. आता चिडले पाहिजे, असे मला वाटले. परंतु राग यावा तिथे काहीच आले नाही. मग तिचे म्हणणे तेवढे समोर राहिले, आणि ते बरोबर होते. फसलेल्या परीक्षेवर घेतलेला शब्द देवाला चालत नाही. मीच तसा न्याय दुसऱ्यांच्या घरी जाऊन दिला होता.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

हे शब्द त्या घरात मी कधी उच्चारले नव्हते. ते जड जातील अशी माझी समजूत होती. काही जड गेले नाही. गेणबा मात्र पडवीतून उठून बाहेर निघून गेला, जणू त्याने ऐकू नये असे काही ऐकले होते.

माधवीने हात मागे घेतला. "पन मेण कुठनं आनायचं?"

सारजा आत गेली आणि आपला कुंकवाचा करंडा घेऊन आली. आमच्याकडच्या बायका कपाळावर आधी मेणाचे बोट लावतात आणि त्यावर कुंकू बसवतात, म्हणजे ते दिवसभर घामाने ओघळत नाही. करंड्यात खालच्या कप्प्यात लिंबाएवढा मेणाचा गोळा होता. चैत्रापासून त्याला बोट लागले नव्हते.

"मला आता त्याचं काम न्हाय," ती म्हणाली.

मी माझ्या खोलीत गेले. माझा करंडा बावीस वर्षे बंद होता. त्यातले मेण दगडासारखे झाले होते, पण ते मधमाश्यांचे खरे मेण होते. ते मी आणून सारजाच्या गोळ्याशेजारी ठेवले. सारजाने धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून फळी तीनदा धुतली, उन्हात वाळवली, आणि दोन्ही गोळे ऊब देऊन मळून, जिथे पाय पडतात तेवढ्या जागेवर मायलेकींनी ते घासून बसवले. गेणबाने अंगठा लावून पाहिला आणि म्हणाला, "पुन्यांदा मळ झाला की हो." मग तो एकटाच हसला.

दुसरी खेप कोजागिरीच्या सकाळी ठरवली. मधल्या दिवसांत माधवी पुन्हा सतरंजीवर पन्नास झेपा घेऊ लागली. आता मी नुसती पाहत नव्हते. सासुरवाशीण असताना तीन घागरी घेऊन पाटाच्या चिंचोळ्या बांधावरून मी वर्षानुवर्षे चालले होते, आणि तिची चूक मला पहिल्या दिवशीच दिसायला हवी होती.

"उठताना कुठं बघतीस?"

"पायाकडं. बराबर जागी पडतात का ते."

"पाय कुठं पळून जात न्हाईत. डोस्कं खाली गेलं की सारं वजन खाली जातं. समोर बघ. लिंबाच्या फांदीवर नजर ठिव आनि उठ."

ती उठली. पहिल्यांदा पाय वेडेवाकडे पडले. दहाव्यांदा नीट पडले.

"गुडघं ताठ ठिवू नगंस," सारजा भाकरी थापता थापता आतून म्हणाली. "वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन उठतीस तशी उठ."

"भारा मी कवा उचललाय, आई?"

"न्हाईस उचलला. म्हनून तर पडतीस."

सारजाने तिला खरोखरच उसाच्या वाढ्यांचा एक भारा बांधून दिला. तो डोक्यावर घेऊन माधवी अंगणात वीस वेळा बसली आणि उठली, आणि तिच्या मांड्या भरून आल्या. रात्री तिने मला सांगितले की, समुद्रावर उठायला उशीर का होतो ते तिला आता कळले: पाय बघण्यात लाट निघून जाते. मी "हं" म्हणाले. मला आनंद झाला असे म्हणणे खोटे होईल.

कोजागिरीच्या सकाळी पाणी शांत होते. तात्याबाने दोरी बांधली आणि माधवीला आपल्या पद्धतीने समजावले.

"दोरी ढिली आसंपत्तोर उठू नगो. ताठ झाली की पोटाखाली हिसका कळंल. हिसका गेला, की मंग उठ. मासा बी तवाच उडी मारतो."

"मासा तर सुटायला उडी मारतो, तात्याबा."

"तू बी त्याचसाठी मारतीस की, बये."

पहिल्या फेरीत ती उठली आणि पाय जागचे हलले नाहीत. मी मोजले. सात झाले आणि ती डावीकडे कलंडली. दुसऱ्या फेरीत अकरा. तिसऱ्या फेरीत ती फार पुढे उभी राहिली, फळीने नाक खुपसले, आणि नवावर ती पाण्यात गेली. दर वेळी फळी छातीखाली घेऊन हात मारीत ती परत आत जात होती. चौघे पुरुष धापा टाकत काठावर बसले. सारजा पदर तोंडाशी धरून उभी होती.

"बाई, आता येकच बारी," तात्याबा म्हणाला. "आमचं जाळं ऱ्हायलंय. पोरांच्या खांद्याचं सालटं निघालं."

मी माधवीला हाक मारून सांगितले, ही शेवटची. तिने दुरून मान हलवली.

चौघे उठले, दोरी खांद्यावर घेतली आणि धावले. दोरी ताठ झाली. ती थांबली. हिसका गेल्यावर एका झेपेत उठली. या वेळी तिचे डोके खाली गेले नाही. गुडघे वाकलेले, हात सैल, आणि नजर सरळ माझ्या डोक्यावरून मागच्या बाभळीवर. फळीच्या दोन्ही अंगांनी पाणी पांढरे होऊन मागे जात होते. मी मोजत होते. दहापर्यंत माझे आकडे नेहमीच्या चालीने, एका श्वासाला एक, असे पडले. बारा झाले. तेरा झाले. ती किनाऱ्याकडे येत होती, आणि मला तिच्या हनुवटीवरची जखम दिसू लागली. चौदाला फळी हलली. तिने गुडघे आणखी वाकवून ती सावरली. त्यानंतर माझ्या मोजणीची चाल मोडली. पंधरा, सोळा, सतरा, अठरा हे आकडे मी एका श्वासात टाकले. असे मी का केले, ते मला सांगता येत नाही. मी कधी कोणाला माप कमी दिले नव्हते आणि जास्तही दिले नव्हते. "वीस," मी मोठ्याने म्हणाले, आणि त्याच वेळी ती पाण्यात पडली.

ती कमरेइतक्या पाण्यातून चालत आली. केस तोंडावर चिकटले होते.

"किती झाले?"

"वीस."

तिने केस मागे सारले. "मी बी मनात मोजत हुते, मोठीआई. सतरा झाले."

तात्याबा दोरीची वेटोळी घालू लागला, आणि ते काम त्याला एकाएकी फार बारकाईने करावेसे वाटले. सारजा माझ्याकडे पाहत होती.

"मोजायचं काम कुनाकडं हुतं?" मी विचारले.

"तुमच्याकडं."

"मग वीस झाले."

"पन खरं तर—"

"कागद कुठं हाय?"

कागद सारजाने पिशवीत घालून आणला होता. तो तिने आणला आहे, हे मला तेव्हा कळले. ट्रॉलीच्या फळक्यावर ठेवून मी 'पालक' या शब्दापुढे सही केली, पूर्ण नावाची. शाई वाळेपर्यंत मी कागद धरून ठेवला आणि मग माधवीच्या हातात दिला. तिने ओले हात आईच्या पदराला पुसून तो घेतला, पण घडी घातली नाही.

"मोठीआई, सतराच झाले हुते," ती पुन्हा म्हणाली. "तुमास्नी ठाव हाय."

"ठाव हाय."

"मग?"

"मग ऱ्हायलेले तीन तिकडं जाऊन पुरे कर," मी म्हणाले. "आनि पुरे झाले की मला पत्रानं कळव. आता डोस्कं पूस, गारठशील."